रहाटाचा आवाज आणि माझी असाइनमेंट

२७ ऑक्टोबर
दिवाळीच्या आधीपासून लिहीन लिहीन म्हणत होतो, वही आज उघडली. असाइनमेंट ७ नोव्हेंबरला पाचच्या आत मुक्त विद्यापीठाच्या गोंदियाच्या सेंटरवर द्यायची. प्रश्न एकच: अभ्यासक्रमातल्या जुन्या कथेत लेखक भीती कोणत्या तंत्रांनी निर्माण करतो? बीएची ही शेवटची संधी, मग नोंदणी रद्द. बाबूजी म्हणाले, ओमेश, या खेपेले नाही झालं तं राइस मिलमधी पोते उचलाले जाशील. रोज दोन पानं. पुष्कळ झालं.

२८ ऑक्टोबर
कथा वाचली. कोरड्या विहिरीवरचा रहाट संध्याकाळी आपोआप वाजतो. पहिल्या दिवशी आवाज विहिरीवर, मग अंगणात, मग दाराशी. कोण वाजवतं, लेखक सांगतच नाही. तंत्रं: पुनरावृत्ती, पूर्वसूचना. कथेतला माणूस मात्र बावळट! तीनदा येऊन राहिलं तरी समजत नाही. मला पहिल्यांदाच समजलं असतं.
लिहायला बसणार तर मित्राचा, दुर्गेशचा फोन. उद्या नागऱ्याची मंडई. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, जत्राच ती, घरोघरी पाहुणे जेवायला; न गेलं तर लोक मनात ठेवतात.

२९ ऑक्टोबर
मंडईत चहाच्या ठेल्यावर खांद्यावर चौकडीचा दुपट्टा घेतलेले एक गृहस्थ भेटले. त्यांना भयकथेची तंत्रं समजावली. तासभर ऐकलं बिचाऱ्यांनी. असाइनमेंट कोणी वाचत नाही, पानं मोजतात, हेही सांगितलं. त्यांनी नाव, गाव विचारलं. म्हटलं, ८ तारखेला आमच्या मंडईले या, जेवाले.
पानं: शून्य. पण विषय डोक्यात पक्का.

३१ ऑक्टोबर
प्रत्यक्ष प्रयोग. दिवेलागणीला आमच्या धानाच्या बांधीत लपून टिनाचा डबा वाजवला. एकदा. थांबून दोनदा. बाबूजींना वाटलं धानात डुक्कर शिरलं. काठी घेऊनच आले. मग म्हणाले, काऊन बे, कायले लोळून राहिला धानात? अर्धी बांधी झोपवली!
निष्कर्ष: भीती निर्माण झाली, पण निवेदकाच्या मनात. पाठ दुखते. बसून लिहिता येत नाही.

३ नोव्हेंबर
वातावरण खोलीत बसून कळत नाही. दरेकशाला गेलो. छोटं स्टेशन, भोवती जंगल, सन्नाटा. चार आलूबोंडे खाल्ले. बाकावर तेच दुपट्टेवाले. योगायोग! विचारलं, झाली का असाइनमेंट? म्हटलं, केव्हाच दिली, सरांनी पाठ थोपटली. कोणते सर? सेंटरच्या बोर्डावरचं एक नाव आठवलं, म्हटलं जागेश्वर सर, आपले खासच आहेत. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. गाडी चुकली.

६ नोव्हेंबर
शीर्षक लिहिलं. दोन रंगांत अधोरेखित. दबावाखाली मी चांगलं लिहितो.

७ नोव्हेंबर, रात्री ९
गोंदियाला वेळेत पोचलो होतो. बसस्टँडवर पेन घेतलं, ओळखीचे दोघं भेटले, मग पाच वाजले. सेंटरला कुलूप.
घरी बाबूजींनी विचारलं. दिली म्हटलं. त्यांनी लगेच मिलवाल्याला फोन लावला, पोरगा येत नाही, शिकून राहिला म्हणून सांगितलं. मग ताटात स्वतःच्या हातानं तूप वाढलं.
ताट तसंच सरकवून उठलो. तूप जुनं असावं.

८ नोव्हेंबर, दुपारी १
आमची मंडई. घर पाहुण्यांनी भरलं. येईल त्याला बाबूजी सांगून राहिले, आमच्या ओमेशचं बीए झालंच समजा. मी आतल्या खोलीत. काही बिघडलेलं नाही. सोमवारी सेंटरवर जाऊन मुदत मागतो. शिकलेली माणसं समजून घेतात. आज रात्रीत दहा पानं नक्की.
आई आत डोकावली. म्हणाली, बाहेर ये गा, तुह्या नावानं पाहुणे आले. चौकडीचा दुपट्टा आहे. नागऱ्याले तूच जेवाले बोलावलं म्हणतात. बाबूजींनी आपल्या बाजूलेच बसवलं, तुह्या असाइनमेंटचं सांगून राहिले त्याह्यले. नाव जागेश्वर सर सांगतात.