तीन लांब भोंगे

पोयणे बेट,
सोमवार, दुपार

प्रिय मिंगेल कुंपारा,

आधी खाली बस आणि एस्परांसा वहिनीलाही जवळ बोलाव. जिंकलो आपण! काल संध्याकाळी, सुळेरच्या मैदानावर, सुळेरच्या सगळ्या गावासमोर, दोन विरुद्ध एक. घाईघाईनं लिहितोय म्हणून अक्षर असं आलंय, दारूमुळे नव्हे. म्हणजे काल घेतली, नाही म्हणत नाही, पण आज सकाळपासून फक्त चहा. बत्तीस वर्षं, मिंगेल! तू गेलास त्या चौसष्ट सालापासून दर वर्षी आपली पोरं नदी ओलांडून सुळेरला फुटबॉल खेळायला जायची आणि मान खाली घालून परत यायची. आपल्या मैदानावर आपण त्यांना कितीदा तरी हरवलं, पण तिकडे जाऊन एकदाही नाही. आणि तू धक्क्यावर सगळ्यांसमोर काय म्हणाला होतास ते मी विसरलेलो नाही. पत्र्याची पेटी खांद्यावर, डोळे लाल. "सुळेरला जाऊन जिंकाल त्या दिवशी परत येईन. तोवर या बेटाच्या विहिरीचं पाणी मला नको." आता शपथ सुटली. म्हणून ताबडतोब लिहायला बसलो.

खरं म्हणजे बसायला नको होतं, कारण माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि एक कागद आधीच चुरगाळून चुलीत घातला. पत्ता तरी बरोबर आहे ना? माझगावची खोली तीच ना? मागच्या नाताळात तुझं कार्ड आलं त्यावरचा पत्ता उतरवून घेतलाय. लूर्दिनाला दाखवून खात्री करून घेतली. ती हसली, म्हणाली, "पपा, पाचव्यांदा विचारताय." हसू दे. तू चॅपेलमध्ये तिला हातावर धरून तिचा धर्मपिता झालास आणि आपण कुंपार झालो, तेव्हा ती मुठीएवढी होती. आता तिला चष्मा लागलाय. आणि तुझा खोकला कसा आहे? बोटीवरच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं धूर खाल्लास, आता तरी छातीला काही चोळतोस का? वहिनी सांगत असेल, तू ऐकत नसशील.

आता कालचं ऐक. पोरं दुपारी दोनच्या फेरीनं गेली, आणि त्यांच्याबरोबर अख्खं गाव. मी अर्थातच नाही गेलो. क्रूसाजवळची मेणबत्ती अजून माझ्याकडेच आहे. तुला आठवत असेलच, बाहेरगावी सामना असला की चारच्या घंटेला धक्क्यावरच्या क्रूसापुढे मेणबत्ती लावायची, आणि पोरं परत येईपर्यंत राखणाऱ्यानं तिथून हलायचं नाही, ती विझू द्यायची नाही. माझ्या आजोबांनी राखली, बापानं राखली, मग माझ्या गळ्यात आली. मला सामना बघवत नाही हे गावाला पक्कं ठाऊक, त्यामुळे माझ्यासारखा राखणदार त्यांना कुठे मिळणार? मारी सांतान फेरीत चढता चढता ओरडली, "पाश्कोल, मेणबत्तीकडे बघ, पाण्यात तोंड बघत बसू नकोस! हरलो तर तुला क्रूसाला बांधीन!" मासे विकून विकून तिचा आवाज असा झालाय की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. मी फेरीवाल्या विठूला तीनदा बजावलं. जिंकलो तर तीन लांब भोंगे, बरोबरी झाली तर दोन, हरलो तर काही नको. तो म्हणाला, "अहो पाश्कोलबाब, गेली सोळा वर्षं मी ही फेरी चालवतोय. या सामन्याला भोंगा वाजवायची वेळ आलीये का कधी? बिघडलाय की काय तेही ठाऊक नाही." झालं! आता मला भोंग्याची काळजी. त्याला वाजवून दाखव म्हटलं, तर म्हणाला, अपशकुन होईल.

चारला घंटा झाली, मेणबत्ती लावली, काचेच्या आडोशाला ठेवली. तुला माहीत आहे, धक्क्यावरून सुळेरचं मैदान दिसत नाही, मधे खारफुटीची भिंत. नुसता गलका ऐकू येतो, तोही वाऱ्यावर अवलंबून. एक मोठा गलका झाला. कोणाचा? मी क्रूसाकडे बघितलं, क्रूस काय सांगणार? मग दुसरा गलका झाला, पहिल्यापेक्षा थोडा लहान. मी हिशेब केला की लहान म्हणजे आपला, कारण आपली माणसं कमी. म्हणजे एक-एक. की दोन्ही त्यांचेच आणि दुसऱ्या वेळी त्यांचा घसा बसला? रक्तदाबाची गोळी घेतली होती की नाही ते आठवेना, म्हणून आणखी एक घेतली. आणि तेवढ्यात नदीवरून असा वारा उठला की काच धाडकन पडली आणि मेणबत्ती विझली.

मिंगेल, हे मी काल गावात कोणालाच सांगितलं नाही. मेणबत्ती विझली. खिशात काड्यापेटी होती, पण मघाशी पायरीवरच्या ओलीत बसलो होतो, सगळी पेटी भिजलेली. एक काडी घासली, गुल उडाला. दुसरी, तिसरी. घर जवळ, पण उठून जायचं नाही ना! मी दोन्ही हातांनी ती विझलेली मेणबत्ती धरून बसलो, जणू हातांच्या उबेनंच ती पेटणार होती. तेवढ्यात पलीकडून तिसरा गलका झाला. तो कुणाचा, हे ठरवायचंही बळ राहिलं नाही. मनात म्हटलं, संपलं. पुन्हा माझ्यामुळे.

मग फेरीच्या इंजिनाची धडधड ऐकू आली. खारफुटीच्या वळणावर फेरीचं तोंड दिसलं, भोंगा नाही. मी डोळे मिटले. आणि मग वाजला. पहिल्यांदा नुसता खरखरला, म्हातारा खोकतो तसा. मग लांब. थांबला. पुन्हा लांब. मी म्हटलं, बरोबरी, बरोबरी सुद्धा चालेल, देवा, तक्रार नाही. आणि तिसरा! इतका लांब की तिसरा संपेपर्यंत फेरी धक्क्याला लागलीच. विठू खिडकीतून निम्मा बाहेर आला होता आणि रडत होता.

मग काय सांगू. लोक फळी टाकायची वाट न बघता पाण्यात उतरले. कुणाची चप्पल नदीत गेली, कुणाची टोपी, आपल्या बँडमधला बारेत ढोल डोक्यावर घेऊन उतरला. सुळेरवाल्यांनी स्वतःच्या विजयाची तयारी करून ठेवली होती म्हणे, दिव्यांच्या माळा, बँड, आणि सोरपोतेलासाठी डुक्करसुद्धा कापलेलं. आपली माणसं परतताना त्यांच्या दारूच्या तावेर्नसमोर उभी राहून ओरडली, "सोरपोतेलाचं आता काय करणार? आम्हाला बांधून द्या!" जिंकवणाऱ्या गोलाबद्दल मात्र अजून एकमत नाही. कॉर्नर आला, त्यांचा गोलकीपर पुढे धावला, आणि चेंडू आपल्या जेरोनिमच्या पाठीला लागून आत गेला. जेरोनिम तेव्हा बुटाची नाडी बघत होता असं मारी सांतान म्हणते. जेरोनिम म्हणतो, "मी पाठ मुद्दाम वळवली." ती म्हणाली, "हो रे बाबा, तुझ्या पाठीला डोळे आहेत, पुढच्यांचा मात्र काही उपयोग नाही!" तिनं त्या पाठीचे मुके घेतले, घामासकट. दिवस मावळायच्या आत क्रूसापुढे लादाईन म्हटली, सगळे सूर वेगवेगळे, पण इतक्या मोठ्यानं आपल्या गावात प्रार्थना झालेली मी ऐकलेली नाही. उकडलेले चणे वाटले, फेणी फिरली. आणि मला खांद्यावर घेतलं, मिंगेल! मला! "पाश्कोलची मेणबत्ती! पाश्कोलची मेणबत्ती!" मी वरून सांगत होतो, अरे थांबा, ऐका, पण ढोलापुढे कोण ऐकणार? त्यांना वाटलं मी पडायच्या भीतीनं ओरडतोय. तीही होतीच.

मग जरा शांत झाल्यावर मारी सांतानच म्हणाली, "त्या मिंगेलला कोणीतरी कळवा रे. शपथ सुटली त्याची." जुनी माणसं चणे बघायला लागली. कारण आम्हा सगळ्यांना आठवत होतं तुला काय काय म्हटलं होतं ते. शेवटच्या मिनिटाची पेनल्टी, चेंडू खांबाला लागला, आणि तुझं लग्न ठरलेलं सुळेरच्या मुलीशी. "सुळेरचा जावई! सासऱ्यासाठी चुकवली! हुंडा चुकता केला!" या धक्क्यावरच म्हटलं. तुझी आई तेव्हा क्रूसापाशी उभी होती. ती गेली तेव्हा तू भर समुद्रात होतास, आणि नंतर येऊन तिच्या मातीवर फूल ठेवायचं तर शपथ आडवी आली. मी दर वर्षी तुझ्या नावानं ठेवतो. ते तुला कधी लिहिलं नव्हतं. तिथलं गवत मी काढतो, काळजी करू नकोस.

आज सकाळी पहिल्या फेरीनं एक मोठं भांडं आलं, फडक्यानं बांधलेलं. सोरपोतेल! विठू म्हणाला, सुळेरहून वहिनीच्या भावानं, जुझे फिलीपनं पाठवलंय. निरोप असा, "जिंकलात, आता खा. पण पुढच्या वर्षी भांडं परत न्यायला आम्ही येणार आहोत." आणि आणखी विचारलंय, "माझी बहीण आता तरी माहेरी येईल का?" सोरपोतेल चांगलं झालंय, जरा आंबट जास्त. मी दोनदा घेतलं. डॉक्टरला सांगू नकोस.

आता जे लिहिण्यासाठी बसलो ते लिहितो, नाहीतर कागद संपेल. धक्क्याजवळचा तो उंच माड तुला आठवतो? मी रेंदेर, साठीपर्यंत या बेटावरच्या सगळ्या माडांवर माडीचा सूर काढायला चढलो, पण त्या एका माडावर चौसष्टनंतर पाय ठेवला नाही. मालकाला सांगितलं, त्याला सूर येत नाही. खोटं सांगितलं. त्याच्या शेंड्यावरून खारफुटीच्या वरून सुळेरचं मैदान दिसतं. त्या दिवशी पलीकडे एकदम चिडीचूप झालं, तेव्हा मला कळलं की पेनल्टी आहे, आणि मी मेणबत्ती सोडून त्या माडावर चढलो. मी पाहिलं, मिंगेल. तू चेंडू ठेवलास, छातीवर क्रूसाची खूण केलीस, आणि जीव खाऊन मारलास. तो खांबाला लागल्यावर तू गुडघ्यावर पडून माती मुठीत धरून रडलास. मुद्दाम चुकवणारा माणूस असा पडत नाही. खाली उतरलो तर मेणबत्ती विझलेली. मी गुपचूप पेटवली. आणि संध्याकाळी धक्क्यावर सगळे तुला जावई म्हणून ओरडत होते तेव्हा मी तोंड उघडलं नाही, कारण तू प्रामाणिक होतास हे सांगायचं तर मी माडावर होतो हेही सांगावं लागलं असतं. बत्तीस वर्षं मला वाटत राहिलं की तुझा चेंडू माझ्यामुळे चुकला. काल कळलं की मेणबत्ती विझलेली असतानाही चेंडू जेरोनिमच्या पाठीला लागून आत जातो. तेव्हा चेंडू चुकला त्यात माझा दोष नव्हता, तुझा तर नव्हताच. मी गप्प राहिलो, तो मात्र सगळा माझा. हे एवढं लिहून झाल्यावर मी मारी सांतानला बोलावून वाचून दाखवलं. वाटलं टोपलीच डोक्यात घालेल. तिनं टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "तू भित्रा, पण ओरडणाऱ्यांत पहिली मी. चॅपेलच्या सणाला, फेस्ताच्या दिवशी, पायरीवर उभा राहून सगळ्यांना सांग. मी शेजारी उभी राहीन. तू पळालास तर धरायलाही कोणीतरी हवंच." तर मी सांगणार आहे, मे महिन्यातल्या फेस्ताला, मिस्साची प्रार्थना सुटल्यावर. सांगीनच. तू मला माफ केलंस की नाही ते नंतर बघू, पण तू तिथे ये, वहिनीला घेऊन ये. विठूशी बोलून ठेवलंय. तू पलीकडे फेरीत पाय ठेवलास की तो पुन्हा तीन लांब भोंगे देणार आहे, भोंगा चालतो हे आता त्यालाही कळलंय. मी धक्क्यावर असेन, हातात विहिरीच्या पाण्याचा तांब्या घेऊन.

तुझाच, बत्तीस वर्षं उशीर झालेला कुंपार,
पाश्कोल