धोंड्याचा महिना

॥ ॐ नमः शिवाय ॥

मुरुड,
ता. १४ डिसेंबर १९८२

ति. सौ. नीलम्मा आक्का व ति. महादेवप्पा दाजी यांस मन्मथचे शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे शंभूकृपेने सर्व ठीक. शिवकांता ठीक आहे. पायावर थोडी सूज आहे, पण दोन भाकरी खाते आणि आईशी भांडते, त्यावरून तब्येत चांगली समजावी. लेक माझी, पण सून तुझी आणि भाची त्याच्याही आधीची, म्हणून तुला सगळं कळवायचं मी माझं काम समजतो.

पाण्याचे हाल आहेत. आमच्या आडात बादली टाकली की नुसता दगडाचा आवाज येतो. टँकर तीन दिवसांनी येतो. आपला लातूर जिल्हा झाला त्याला चार महिने झाले. पाऊस काही जिल्ह्याबरोबर आला नाही, पण एक गोष्ट झाली. लातुरात एका डॉक्टरीणबाईंनी बाळंतपणाचा दवाखाना काढला आहे. शिवकांतेला दोनदा दाखवून आणलं. शेवटची पाळी कधीची असं बाईंनी विचारलं, तेव्हा ती लगेच म्हणाली की धुळवडीची. लग्नानंतरची पहिली धुळवड, तुझ्या घरी सगळे रंग खेळत होते आणि ही पोट धरून मागच्या खोलीत बसली होती. बाईंनी हिशेब करून कार्डावर १७ डिसेंबर तारीख घातली. म्हणजे आजपासून तिसरा दिवस.

तेव्हा शिवप्पाला शाळेतून रजा मिळत असेल तर पाठव. बाळाच्या गळ्यात बांधायचं इष्टलिंग तू आणणार असं ठरलंच आहे. एकच पंचाईत. शिवप्पाला बहीण नाही, म्हणजे बाळाला आत्या नाही. पाळण्यात नाव कोण सांगणार? आमची ही, शांतम्मा, म्हणते, आजीनंच आत्याही व्हावं, दोन्हींचा मान घ्यावा आणि लुगडं मात्र एकच मिळेल.

दाजींना शरणार्थ नमस्कार. धाकट्यावर माया आहे तशी राहू द्यावी.

आपला,
मन्मथ

---

श्री वीरभद्र प्रसन्न

बिलोली,
ता. १८ डिसेंबर १९८२

चि. मन्मथास नीलम्मा आक्काचे अ. उ. आ.

मी सांगते अन शिवप्पा लिहून राहिला. एक अक्षर सुधरायचं न्हाई असं त्याला बजावलंय.

तुझं पत्र ऐकून मला हसू आलं, मग राग आला. अरे, जिल्हा झाला म्हणून तुमच्याकडं महिने बी लवकर भरायला लागले का? धुळवडीपासून धर. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भादवा. मग यंदा दोन आश्विन आले. त्यातला पहिला धोंड्याचा. तू माझ्या पोराला अनारशाचं ताट दिलंस तोच. त्या महिन्यात लग्न न्हाई, वास्तू न्हाई, कशाचीच मोजदाद न्हाई. तो सोडून दे. दुसरा आश्विन, कार्तिक अन हा मार्गशीर्ष. पौर्णिमेला नऊ महिने भरतात, वर नऊ दिवस. म्हणजे जानेवारीची आठ-नऊ तारीख. तवा मी लिंग घेऊन येते.

त्या बाईच्या कार्डावर धोंड्याचा महिना कुठं लिहिलेला असतो? तिला काय ठावं? पोरीला एसटीत हिंदकळत लातूरला नेऊ नको. जिरं-गूळ दे. शांतम्माला म्हणावं, दोन लुगडी लागतील.

तुझी,
आक्का

(मामा, मला परीक्षेच्या कामामुळे रजा नाही. शिवकांताची खुशाली दर चार दिवसांनी कार्डाने कळवावी. — शिवप्पा)

---

॥ ॐ नमः शिवाय ॥

मुरुड,
ता. २२ डिसेंबर १९८२

ति. सौ. आक्कास मन्मथचा शि. सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. आधी वाटलं चार दिवसांनी शांत होऊन उत्तर द्यावं. पण चार दिवस आमच्याजवळ नाहीत.

सतरा तारीख गेली. आज बावीस. कळ नाही, काही नाही. तुझा निरोप मात्र पत्राच्या आधी पोचला. आमच्या गल्लीतली बसम्मा बिलोलीला माहेरी गेली होती, तिच्याजवळ तू सांगितलंस की मन्मथला महिने मोजता येत नाहीत. तिनं ते पाण्याच्या रांगेत वाटलं. आता टँकर येईपर्यंत बायांना दुसरा विषय नाही. काल शांतम्मा रिकामी घागर घेऊन परत आली आणि मलाच म्हणाली की आक्कांचं बरोबर असेल, तुम्ही उगीच घाई करून राहिलात. माझ्याच घरात मी एकटा पडलो.

आक्का, चौथीपर्यंत शिकलो, पण मोजायला शिकलो. दुकानातलं पंचांग काढलं आणि धुळवडीच्या दिवसावर बोट ठेवून एकेक दिवस मोजत आलो. दोनदा मोजलं. आज दोनशे सत्त्याऐंशी भरले. अधिक महिना देवाधर्माला असेल. त्या महिन्यात शिवकांता जेवली नाही का? झोपली नाही का? मग पोटातलं पोर काय महिनाभर वाढायचं थांबून बसलं होतं? पूर्ण चांदणं त्याही महिन्यात पडलं, मी अंगणात बसून पाहिलं आहे.

आज सकाळीच बाईंना पुन्हा दाखवलं. लाकडी नळी पोटाला लावून त्यांनी बराच वेळ ठोके ऐकले. म्हणाल्या, आणखी आठ दिवस वाट पाहू, तीस तारखेला दाखल करा. तोवर कळा आल्या नाहीत तर सलाईनमधून थेंब थेंब औषध देऊन कळा आणाव्या लागतील. दिवस फार उलटले की आतलं पाणी कमी होतं आणि नाळ थकते, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मला त्यात कुठे घाई दिसली नाही. घाई करणारी बाई आठ दिवस थांबा म्हणत नाही.

तीस तारखेला ग्रहण आहे हे मलाही माहीत आहे. तेवढं एक मनाला लागून राहिलं आहे. रोज पूजेला बसलो की तेच डोळ्यांपुढे येतं.

तू रागावलीस तरी चालेल, पण गल्लीला निरोप पाठवू नकोस. मला लिही.

तुझ्या मायेतलाच,
मन्मथ

---

श्री वीरभद्र प्रसन्न

बिलोली,
ता. २६ डिसेंबर १९८२

मन्मथ,

आशीर्वाद तर हायतच, पण आज ते लिहायला सांगत न्हाई.

मोठ्या बहिणीला पंचांग शिकवून राहिलास. चांगलं हाय. आता माझं ऐक. कळा येत असतात, आणत नसतात. त्या बाईच्या बाटलीतून थेंब टाकून पोराला बाहेर ओढणार, अन तू बाहेर बाकड्यावर बसून जप करणार. त्याचे दिवस भरले नसतील तर? भरले न्हाईत असं मी सांगते. तुला काय ठावं, न भरलेलं पोर कसं असतंय. तू बघितलंस का कधी?

अन त्यात ग्रहणाचा दिवस. त्या दिवशी दोन जिवांच्या बाईला उंबरा बी ओलांडू देत न्हाईत, अन तू तिला सुईवर निजवायला निघालास.

तू जर पोरीला ते औषध दिलंस, तर मी तुझ्या दारात पाऊल ठेवणार न्हाई. बाळाचं लिंग माझ्या देवघरात हाय, ते तिथंच राहील. शिवप्पाचे बाबा मला गप बस म्हणतात. ह्या एका गोष्टीत मी गप बसणार न्हाई.

नीलम्मा

(मामा, आई सांगेल तसं लिहिलं. ती एवढी का चिडली आहे मला समजत नाही. दोन दिवस जेवलेली नाही. पण हे खालचं माझं आहे आणि ते मी तिला वाचून दाखवलेलं नाही. शिवकांताला दवाखान्यात न्या. नवरा म्हणून लिहितो. — शिवप्पा)

---

॥ ॐ नमः शिवाय ॥

मुरुड,
ता. २ जानेवारी १९८३

ति. सौ. आक्कास मन्मथचा नमस्कार.

शुक्रवारी, एकतीस तारखेला, संध्याकाळी पावणेसहाला शिवकांता बाळंत झाली. मुलगी आहे. दोघी जिवंत आहेत. हे आधी लिहिलं, कारण पुढचं मी रागात लिहिणार आहे.

तीस तारखेला मी तिला नेलं नाही. तुझं पत्र आदल्या दिवशी आलं होतं. मी देवभोळा माणूस, ग्रहणाला भ्यालो. दिवसभर तिला आतल्या खोलीत बसवलं. चंद्र उगवला तोच ग्रासलेला. सुटेपर्यंत तिला पाणीसुद्धा दिलं नाही. दिवेलागणीनंतर ती आईला म्हणाली की आज बाळ सकाळपासून दोनदाच हललं. हे तिनं तोवर आम्हाला सांगितलं नव्हतं. ग्रहणात बोलायचं नसतं असं तिला वाटलं.

सकाळच्या पहिल्या गाडीनं गेलो. लातुरातही पाणी नाही, दवाखान्यात ज्याचं त्यानं आणायचं असतं, म्हणून मी दोन डबे पाणी आणि शांतम्मा गाठोडं, अशी आमची वरात. बाईंनी नळी लावली, ठोके ऐकले आणि विचारलं की काल का आणलं नाही. मी ग्रहण म्हणालो. बाईंनी लगेच पलंग तयार करायला सांगितला. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दहा वाजता सलाईन लावलं. बाई स्वतः घड्याळ धरून थेंब मोजत होत्या आणि सांभाळून वाढवत होत्या. कळा जास्त झाल्या की थेंब कमी करत. दर थोड्या वेळानं ठोके ऐकत. बाटलीतून पोर ओढतात असं तू लिहिलंस. मी दाराच्या फटीतून पाहिलं, तिथे ओढाओढ नव्हती, राखण होती. दुपारपर्यंत काही नाही. तीननंतर कळा धरल्या. शिवकांता तुझं नाव घेऊन ओरडत होती, हे तुला कळावं म्हणून लिहितो. आईचं नाही, तुझं. आत्या, आत्या, असं.

पाणी फुटलं ते हिरवं, पोरानं आतच शी केलेली. पोर बाहेर आलं ते गप्प. बाईंनी नळीनं घशातलं ओढून काढलं, तळपायावर चापट्या मारल्या. मी बाहेर पंचाक्षरी म्हणत होतो आणि मला पाचवं अक्षर आठवेना. मग ती रडली.

अंगाची कातडी सुकून सालपटं निघालेली. आणि नखं, आक्का, बोटांच्या पुढे आलेली. जन्मायच्या आधीच तिनं आपल्या गालाला ओरखडा काढलेला आहे. बाई म्हणाल्या, हे दिवस उलटून गेलेलं मूल आहे, आणखी दोन दिवस थांबला असता तर मी काही सांगू शकले नसते. तुझ्या हिशेबानं आम्ही अजून आठ-नऊ दिवस थांबणार होतो.

म्हणून मला राग आहे. तुझा आहे, गल्लीचा आहे आणि सगळ्यात जास्त माझा आहे, कारण मोजता येत असून मी एक दिवस तुझं ऐकलं. काल मठाचे स्वामी आले होते. बाळाला लिंग बांधू का म्हणाले. मी त्यांना परत पाठवलं. तू देवघरात ठेवलेलं लिंग देणार नसशील तर नको देऊ. ती पोर शिवाचीच आहे. पण दुसऱ्या कुणाच्या हातचं लिंग मी तिच्या गळ्यात बांधू देणार नाही. माझाही हट्ट आहे. आपण एकाच आईचे आहोत.

न भरलेलं पोर कसं असतं ते तू कधी पाहिलंस का, असं तू विचारलंस. नाही पाहिलं. तू पाहिलं आहेस का?

मन्मथ

---

श्री वीरभद्र प्रसन्न

बिलोली,
ता. ६ जानेवारी १९८३

चि. मन्मथ, चि. सौ. शांतम्मा, चि. सौ. शिवकांता अन नव्या पाहुणीस नीलम्माचे पोटभर आशीर्वाद.

तू विचारलंस, म्हणून सांगते. हाव, बघितलंय.

रझाकाराच्या धामधुमीत माझं पहिलं बाळंतपण होतं. रस्ते बंद होते म्हणून मला मुरुडला माहेरी आणता आलं न्हाई. तू तवा बारकाच होतास, तुला कुणी काही सांगितलं न्हाई. त्या साली बी धोंड्याचा महिना आला होता. माझ्या सासूनं पौर्णिमा मोजल्या. त्यात धोंड्याची पौर्णिमा आलीच होती. तरी तिनं वरून धोंड्याचा म्हणून आणखी एक महिना चढवला, अन म्हणाली, दिवस उलटले, हिला कळा येईनात. सुईणीनं कसला तरी काढा उकळला. मी न्हाई म्हणाले. दोघींनी धरून पाजला. त्या दिवशी सकाळी पोर पोटात चांगलं लाथा मारत होतं, मन्मथ. मग कळांवर कळा आल्या, श्वास घ्यायला फट न्हाई. पोर आलं ते मेलेलं.

तू लिहिलंस, तुमच्या पोरीची नखं बोटांच्या पुढं आली होती. माझ्या पोरीची नखं बोटाच्या टोकापर्यंत बी पोचली न्हवती. मी बघितली. एकेक बोट बघितलं. मग त्यांनी नेली.

तवापासून मी धोंड्याचा महिना कुणाच्याच पोटाला धरला न्हाई. आता तू सांगून राहिलास की मी उलट्या बाजूनं तीच चूक केली. असंल. मला त्या डॉक्टरीणबाईला भेटायचं हाय. थेंब मोजून देतात, जास्त झाले तर कमी करतात, हे मला तिच्या तोंडून ऐकायचं हाय. मला कुणी कमी केलं न्हाई.

तुझ्यावरचा राग गेलेला न्हाई. पोरीला ग्रहणात दिवसभर पाणी न्हाई, असं मी कुठं सांगितलं होतं? शांतम्माला अक्कल न्हाई का? आल्यावर बोलते.

येत्या सोमवारी मी अन शिवप्पा पहिल्या गाडीनं निघतो. लिंग आणते. दोन घागरी पाणी बी आणते, तुमच्या जिल्ह्याचा भरवसा न्हाई. स्वामींना संध्याकाळी बोलावून ठेव. पोरीची नखं कापू नका. मला बघायची हायत.

तुझी थोरली,
आक्का

(मामा, हे सगळं मला आजच, लिहिता लिहिता कळलं. मध्येच माझा हात थांबला तर आई म्हणाली, लिही. बाबा ओसरीवर बसून आहेत, ते आत आले नाहीत. तुम्ही पहिल्या पत्रात गमतीनं लिहिलं होतं की बाळाला आत्या नाही. होती. — शिवप्पा)