मिसेस प्रिंगलच्या चित्रातली लक्ष्मी

वॉटफर्ड, २ फेब्रुवारी २००६

ती. सुप्रभाताईस धाकट्या दीनूचा साष्टांग नमस्कार (गुडघे बदलल्यापासून साष्टांग फक्त कागदावरच). खोकला कसा आहे? काढा पितेस की नुसता उकळून ठेवतेस? आम्ही दोघं मजेत. वीणा शनिवारपासून माझ्याशी बोलत नाही, पण तब्येत ठणठणीत आहे.

झालं असं. शेजारच्या मिसेस प्रिंगलचं छप्पर गळायला लागलं. बाई लेकीकडे निघाल्या आणि भिंतीवरचं मोठं तैलचित्र, 'डॉक्टर, एवढं सांभाळा' म्हणून आमच्या हॉलमध्ये ठेवून गेल्या. नवऱ्यामागे जिवापाड जपलेली तेवढीच वस्तू. पुढे टेबलावर शंख-शिंपले, हात लावून बघावेत असे, आणि मागे समुद्रातून वर येणारी एक देवी, भोवती शंख फुंकणारे मत्स्यपुरुष. मी बघताक्षणी सांगितलं, फ्लेमिश, सतरावं शतक! (चाळीस वर्षं लोकांच्या कानातल्या शंखात डोकावलेल्या माणसाला शंखातलं कळत नाही म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे.)

शनिवारी वीणाचं हळदीकुंकू. बायका चित्राचं विचारायला लागल्या म्हणून मी आत गेलो. (तुम्हाला बोलावलं कोणी, हे वीणाने नंतर विचारलं.) पंधरा मिनिटांत समजावून दिलं, की युरोपातलं झालं तरी पुराण तेच, समुद्रमंथन चाललंय आणि वर येतेय ती साक्षात लक्ष्मी. कपडे बेताचेच आहेत, पण नुकती पाण्यातून निघालीय, समजून घ्या. काय झकास रंगलं म्हणून सांगू! मग चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. परत येतो तो नागपूरच्या शिल्पाने देवीला हळदीकुंकू लावून वर गुलाबपाणी शिंपडलेलं, आणि मागे अकरा जणी रांगेत. लक्ष्मी म्हटल्यावर सोडतात होय? सगळ्या गेल्यावर मी कापसाच्या बोळ्याने हलकेच पुसलं, तर कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत उतरलं (म्हणजे माझ्याच, कान-नाक-घशाच्या खात्यात). काळजीचं काही कारण नाही.

तुझा,
दीनू

ता. क. काळजीचं कारण आहे. मिसेस प्रिंगल पंधरा दिवसांनी येताहेत. तू तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलीस. तैलरंगावरचं कुंकू कशाने निघतं ते ताबडतोब फोन करून सांग. त्या बाईंना कुठल्या तोंडाने सामोरा जाऊ? झोप उडालीय माझी.

ता. क. २. फोन करू नकोस. पाकीट चिकटवणार तोच बाई दारात! थेट चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, हे माझ्या नवऱ्याने, रॉयने १९७१ साली संध्याकाळच्या क्लासमध्ये काढलं, म्युझियममधल्या एका चित्रावरून, आणि देवीला चेहरा माझा दिला. (फ्लेमिशचं कुठे बोलू नकोस.) मी माफी मागायला लागलो तर मला हातानेच थांबवलं आणि विचारलं, हे लाल कशाला लावतात? वीणाने सगळं सांगितलं, कोणाला लावत नाहीत तेही. 'रॉय गेला म्हणून मी त्याची बायको राहिले नाही की काय?' बाई म्हणाल्या, आणि चित्र पुसायचं नाही म्हणून बजावलं. वीणा उठली, करंडा घेऊन आली आणि तिने त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. मला रडू आवरेना.

ता. क. ३. ताई, मोहनराव गेल्यापासून दर हळदीकुंकवाला तू आतल्या खोलीत जाऊन बसतेस. दोनदा मी तिथे होतो, बाहेर तिळगूळ खात बसलो, तोंडातून अक्षर काढलं नाही. लाज वाटते गं मला. पुढच्या संक्रांतीला इकडे ये. वीणा म्हणतेय, पहिलं कुंकू तुला.