प्रभाकरच्या बंदुकीचा खटका

बंदुकीच्या नळीवर दाबून धरलेला गुडघा उचलला तर ती उसळून थोबाडीत बसेल, म्हणून बसल्या जागेवरून लिहिते आहे. अक्षर वाकडं येईल. चि. प्रभाकर, तुला अनेक आशीर्वाद. तब्येत कशी आहे? सौ. रुचिताची कंबर? (माझी विचारू नकोस.)

तू ही छर्‍यांची बंदूक तुझ्या मिरजेच्या कारखान्यातून नमुना म्हणून पाठवलीस. उद्या सकाळी इथला दुकानदार ती पाहायला येणार. ‘मी वर्षभर वापरते आहे, तक्रार नाही’ असं त्याला सांगायचं, हे तू फोनवर शिकवलंस. पार्सल मंगळवारी आलं.

नळी खाली ओढली की आतली स्प्रिंग दबते आणि खटक्यात अडकून राहते, असं सोबतच्या कागदावर छापलं आहे. कागदावर ती राहते. इथे ती अडकते, विचार करते आणि सुटते. पहिल्यांदा सुटली तेव्हा माझं बोट थोडक्यात वाचलं. खटका इतका नरम की चार वेळा ओढल्यावर त्याची कड झिजली. तो निसटला तर नळी अडवणारं दुसरं काहीही तू ठेवलेलं नाहीस. ही कारागिराची चूक नव्हे, ही तुझी रचना आहे. नेम धरायची पुढची माशी दर झटक्याला डावीकडे सरकते. (हे म्हणतात, मग उजवीकडे नेम धर. हे लष्करी इस्पितळात डोळ्यांचे डॉक्टर होते. सध्या फ्रिजच्या मागून बोलत आहेत.) आपली गार्गी म्हणाली, ‘आजी, मतलब ही पुढच्याला मारते की मागच्याला?’ नातीचं मराठी कच्चं आहे, प्रश्न पक्का आहे.

तू म्हणशील, जयपूरच्या उन्हाने झालं. उन्हाने लोणचं मुरतं, पोलाद नाही.

तेव्हा स्पष्ट लिहिते. मी खोटं सांगणार नाही. ऑर्डर गेली तर जाऊ दे. रुसलास तर रूस. राखी वेळेवर येईल, शिफारस येणार नाही.

तुझी ताई,
सुहासिनी

ता. क. शेवटी हे फ्रिजमागून आले आणि आम्ही दोघांनी मिळून नळी सावकाश सोडली. तरी बंदूक परत मागू नकोस. गच्चीवरच्या टाकीत माकडं अंघोळ करायची. नळी आपटण्याचा आवाज ऐकल्यापासून एकच येतं, तेही लांब बसतं. तेव्हा बाकीच्या सगळ्या दुरुस्त कर, माझी राहू दे.

आणखी एक. सकाळी दुकानदार आले. त्यांना लांब उभं करून मी नळी ओढली. ती सुटली. उरलेलं माकडही गेलं. ‘बहनजी, बस्सी के बागवालों को यही चाहिए. ऐसी ही पचास मंगवा दो,’ म्हणाले. (बस्सी हे इथून जवळचं गाव, तिथल्या बागांत माकडांचा उच्छाद.) मी सांगितलं, खटका बदलल्याशिवाय एकही मिळणार नाही. ते चहा न घेता गेले.