आबाचा खोकला

३ नोव्हेंबर, सोमवार

केलं! करायला नको हुतं, पण केलं. सयाजी आबाच्या आवाजात भाऊसोची म्हस सोडली.

आमच्या वाचनालयाचा एक नंबर हाय. त्याला मिस कॉल द्यायचा, मग तिकडनं फोन येतो आन् पुस्तक ऐकू येतं. फुकट. क्रांतीताई ग्रंथपाल झाल्यावर तिनं चालू केलं ह्ये. ज्यांस्नी वाचता येत न्हाई, ज्यांस्नी दिसत न्हाई, ती ऐकत्यात. उसात भांगलणाऱ्या बाया तर फोन पदरात खोचून ऐकत्यात. वाचणारी माणसं गावातलीच. सगळ्यात भारी आबा. फौजेत सुभेदार हुता, आवाज असा की पलीकडच्या रानातला माणूस सावधान हुईल. सध्या एका पैलवानाची कादंबरी वाचतोय.

माझं काम खोकला काढायचं. आबा वाचताना खोकतो, मधीच कोंबडं आरवतं, ट्रॅक्टर जातो. त्ये सगळं कॉम्प्युटरवर कापायचं आन् आवाज साफ करून लावायचा. आबाचे खोकले मी टाकून देत न्हाई. एका फोल्डरात ठेवतो. कशाला म्हायती न्हाई.

तर कापता येतं म्हणल्यावर जोडताबी येतंच की! “भाऊसो, दार लाव,” असं आबा रोज बसताना म्हणतो, कारण भाऊसो शेजारी येऊन बसतो आन् दार सताड उघडं ठेवतो. त्यातनं ‘भाऊसो’ घेतलं. ‘म्हस’ तिसऱ्या भागातली. ‘सुटली’ यष्टी सुटती तिथली. ‘उसात गेली’ आणिक कुठली. आज दुपारी पैलवान मातीत उतरतोय, सगळी कान लावून, आन् आबा म्हणतो – भाऊसो, म्हस सुटली, उसात गेली!

निम्मं शिवार काठ्या घिऊन पळालं. भाऊसो अनवाणी. आन् म्हस गोठ्यात रवंथ करतीया!

हसून हसून पोट दुखलं. अब्बा गादी शिवता शिवता म्हणले, “कायकू हसरा रे? किसका घर जलाया?”

४ नोव्हेंबर

भाऊसो आबाच्या घरी गेला भांडायला. “आवं आबा, कुठं बघितली माझी म्हस?” आबा म्हणला, मी कवा म्हणलो? मग भाऊसोनं फोन लावला, स्पीकरवर ठेवला. आबाची सून अंजनावैनी दारातच हुती, तिनं सांगितलं ह्ये.

आबानं ऐकलं. म्हणला, परत लाव. परत ऐकलं. मग उठून आत गेला म्हणं.

मला वाटलं हुतं शिव्या दील.

६ नोव्हेंबर

आबा वाचायला आला न्हाई. कालबी न्हाई.

क्रांतीताईनं मला बघितलं. मी कॉम्प्युटरकडं बघितलं. ती म्हणाली, “अफताब, मी इचारत न्हाई. पण ही किल्ली मी तुला का दिली त्ये आठव जरा.”

किल्लीचं लिवतो. बारावी दोनदा नापास. शाळेत माझी जागा वर्गाभाईर. मास्तर म्हणायचे, ह्याला दारात बी उभा करू नका, दार काढून नेईल. ह्या वाचनालयात मी आलो फुकट वायफायला. ताईनं एक दिवस हेडफोन कानावर घातला आन् म्हणाली, सांग ह्यात काय काय आवाज हायत. मी सांगितलं – आबा, पंखा, चिमणी, लांब कुठंतरी कुकरची शिट्टी. तिला चिमणी ऐकू आली न्हवती. दुसऱ्या आठवड्यात किल्ली दिली. म्हणाली, सकाळी तू उघडायचं. मला आजवर कुणी कशाची किल्ली दिल्याली न्हाई. अब्बा दुकानाची सुद्धा दीत न्हाईत!

७ नोव्हेंबर

आज पण न्हाई.

९ नोव्हेंबर, रविवार

आज ‘फोन शिका’चा वर्ग हुता. मेहरुनबी चाची आली. तिला फोनला बोलून इचारायला शिकवलंय, पण ती आधी फोनला सलाम करती. “सलाम वालेकुम. बेटा, सौदी में अब कितने बजे?” फोन वेळ सांगतो. मग ती त्याला दुवा दिती. एकांदा दिवस फोनबी लाजंल.

धोंडुबाईला दिसत न्हाई. ती रोज नंबर लावून बघती, नवा भाग न्हाई म्हणल्यावर पार इथवर चालत आली. मलाच इचारलं, “पैलवान मातीत उतरला आन् तसाच हुबा हाय का रं? आबाला काय झालं?”

म्हणलं, घसा बसलाय.

म्हणाली, “घसा न्हाई. त्येचं डोस्कं फिरलंय म्हणत्यात. आपलंच बोलल्यालं आठवंना.”

मग अंजनावैनी आली, ताईसंगं हळूच बोलत हुती. मी हेडफोन घालून बसलो हुतो, पण माझं कान म्हायतीच हायत! आबाचा मोठा भाऊ कोंडीबा. त्याचं अस्संच चालू झालं म्हणं. आधी बोलल्यालं इसरायचा. मग जेवल्यालं. मग घर. शेवटी चपला पाण्याच्या हंड्यात घालून ठिवायचा आन् आबालाच इचारायचा, पावणं कुठलं तुमी? आबानं त्याला शेवटपतूर न्हाऊ घातलं. आता आबा रोज सकाळी उठून नातवाची, पोराची, आपल्या पलटणीतल्या पोरांची नावं म्हणून बघतो. एखादं आठवलं न्हाई की जेवत न्हाई.

मी हेडफोन तसाच ठिवला कानावर. आत काय चालू न्हवतंच.

११ नोव्हेंबर

गेलो.

आबा अंगणात बाजंवर बसल्याला. मला बघून म्हणला, “ये रं रसूलच्या.” अब्बांचं नाव आठवलं म्हणून त्याला जरा बरं वाटलं असं दिसलं.

मी म्हणलं, आबा, म्हस मी सोडली.

“कुठली म्हस?”

सगळं सांगितलं. ‘भाऊसो’ कुठनं घेतलं, ‘सुटली’ कुठनं. त्याला समजंना. मग मोबाईलवर दाखवलं कापून. त्याच्या देखत त्याच्याच आवाजात जोडलं – “भाऊसो, यष्टी उसात गेली.”

आबा उठला. एक लगावली! कानात अजून शिट्टी वाजतीया. मग परत बसला आन् हसायला लागला. डोळ्यातनं पाणी. “अंजना! ए अंजना! मी शाणा हाय गं! ह्यो मुडदा खुळा हाय!” वैनी पळत आली, तिनं बी एक शिवी घातली आन् मग आत जाऊन च्या ठिवला.

जाताना आबानं माझं मनगट धरलं. फौजी पकड. म्हणला, “गड्या, बंदुकीला भ्यालो न्हाई कवा. ह्या आठ दिवसात माझ्याच तोंडाला भ्यालो.”

च्या गोड हुता. निम्मा तसाच ठिवून आलो.

१२ नोव्हेंबर

ताईलाबी सांगितलं. ती ओरडली न्हाई. “परत असलं काय केलंस तर काय बोलायचं न्हाई. किल्ली टेबलावर ठिवायची आन् जायाचं.”

व्हय म्हणलं.

आबानं गावभर सांगितलंय. पारावर, दूध डेअरीत, सगळीकडं. लोक मला बघून हंबरत्यात. चालतंय!

१५ नोव्हेंबर

आबा आला! “भाऊसो, दार लाव.” पैलवानानं एकदाची समोरच्याची पाठ मातीला लावली. धोंडुबाईचा आवाज घंटाभर वाचनालयात ऐकू येत हुता, पार तिच्या घरनं!

आबाला बारकी अक्षरं दिसत न्हाईत, म्हणून ताईनं नवीन केलंय. पुस्तक कॉम्प्युटरवर घ्यायचं, अक्षर मोठ्ठं करायचं आन् सुट्या पानांवर छापून द्यायचं. एका पानावर थोड्याच ओळी. आबा एकेक पान वाचतो आन् पालथं घालून ठिवतो. दुसरीबी म्हातारी माणसं आता तशी पानं घरी न्यायला लागल्यात. आमच्या वाचनालयात आता पुस्तकं जाड हुत न्हाईत, अक्षरं जाड हुत्यात.

२१ नोव्हेंबर

साफ करताना ऐकलं, एक पान आबानं दोनदा वाचलंय. वाचल्यालं पान परत वर आलं असंल. कापलं. जोड कळणार बी न्हाई.

२२ नोव्हेंबर

लोक म्हणत्यात मोबाईलनं वाचणं बुडालं. मला उलटंच वाटाय लागलंय. मी पुस्तक कवा वाचलं न्हाई, आता एक सबंद पुस्तक मला आबाच्या श्वासासकट पाठ हाय. कुठं तो थांबतो, कुठं पाणी पितो. पैलवानाची आई मरती तिथं आबा खोकला, पण त्यो खोकला खोटा हुता. आवाज फुटला हुता, त्ये झाकायला खोकला. मी कापायला गेलो आन् कापला न्हाई. तसाच लावला. धोंडुबाई म्हणाली, तिथं ती बी रडली.

२६ नोव्हेंबर

रविवारी शेवटचा भाग. ताईनं ठरवलंय – थेट! आबा वाचनालयात वाचणार आन् त्याच वेळी नंबरावरच्या सगळ्या घरांत फोन वाजणार. गावची सैन्यातली पोरं पण ऐकणार, आबाचा नातू शंभूराज बी, तिकडं बर्फात. माझी कात्री त्या दिशी चालणार न्हाई म्हणाली ताई. थेट म्हंजे थेट.

आजच्यात परत एक पान दोनदा. कापलं.

३० नोव्हेंबर, रविवार

सगळ्या गावाम्होरं सांगितलं – मीच केलं.

वाचनालय भरल्यालं. बाया खिडकीत. आबा फौजेचा कोट घालून. चांगलं चाललं हुतं. मग एक पान आबानं दोनदा वाचलं. लोकांस्नी वाटलं, जोर यावा म्हणून वाचलं. मग त्येच पान तिसऱ्यांदा वाचाय लागला. धोंडुबाई म्हणाली, “आवं आबा, ह्ये झालं की मघाशी.”

मी उठलो आन् जोरात हसलो. टाळ्या वाजवल्या. “फसला! आबा फसला! त्येच पान मी तीनदा छापून घातलंय!” आन् आबाच्या हातातली सगळी पानं ओढून घेतली, उरल्यालं शेवटचं तेवढं त्याला दिलं.

भाऊसो मारायला धावला. अब्बा मागं उभं हुतं, त्यांनी नुसती मान खाली घातली. अंजनावैनी म्हणाली, “तुला लाज कशी न्हाई रं?” आबा हसत हुता. “ह्यो सुधारत न्हाई! ह्या मुडद्याला पलटणीत घाला!” मग शेवटचं पान त्यानं असं वाचलं, असं वाचलं – खिडकीतल्या बाया पार आत वाकल्या. फोनवर शंभूराजचा आवाज आला – “आबा, जय हिंद.”

ताईनं हात पुढं केला. मी किल्ली टेबलावर ठिवली.

१ डिसेंबर

अब्बासंगं कापूस पिंजला. सकाळी वाचनालयाकडं पाय आपोआप वळले. परत आणले.

४ डिसेंबर

ताई दुकानात आली. उशी भरून पायजे म्हणाली. जुनी उशी दिली आन् गेली. उसवली तर कापसात किल्ली.

पळत गेलो मागं. चौकात गाठली. म्हणाली, “पानं मी छापली हुती रं. एकेकच हुतं.” मग म्हणाली, आबाला आन् अंजनावैनीला घिऊन सांगलीला मोठ्या डॉक्टरकडं जायाचं ठरलंय. आबाला सांगितलंय डोळं दाखवायला. तवर आबा नवं पुस्तक वाचत ऱ्हाईल. तू कापत ऱ्हा.

पानाला मी हात लावला न्हवता. त्या दिशी आबानं वाचल्यालं पान स्वतःच उचलून परत वर घेतलं, आन् धोंडुबाई बोलली तवा त्येनं आमच्याकडं बघितलं – “झालं?” लहान पोरासारखं. तसला आबा मला बघवंना.

गावाला वाटतंय मी नालायक हाय. वाटू दे! आबाला वाटतंय तो शाणा हाय. जो कोण ह्ये वाचत असंल, त्येच्या पाया पडतो. मला काय बी म्हणा. पण म्या पानं घातली न्हवती, ह्ये कुणाला सांगू नका.