एकोणचाळीस पिवळे धोबी

आरोही,

मी तलावावर चाललो. काळा चष्मा लावला आहे, डोळ्यात टाकायचं औषध खिशात आहे. आई साखरखेर्ड्याहून आली अन् ओरडली तर तिले हे सांगजो. चहा थर्मासमध्ये आहे.

काल गच्चीवर टाकीपाशी धोबी पक्षी उतरला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं पाहिला तर पांढरा, मोतीबिंदू अजून असलेल्या दुसऱ्या डोळ्यानं पाहिला तर पिवळा. चार-पाच वेळा एकेक डोळा झाकून पाहिलं. पक्षी तोच होता.

मागच्या हिवाळ्यात तू आपल्या पक्ष्यांच्या वहीत पांढरा धोबी लिहिला होता. मी माह्या दोस्तांसमोर तो लाल पेननं खोडला अन् पिवळा केला. 'एवढी वर्षं मी काय गवत उपटून राह्यलो का?' असंही म्हटलं. तवापासून तू माह्यासंगं आली नाही. तू अभ्यासाचं कारण सांगितलं, मीही ते मानून घेतलं.

तुही नोंद आज सकाळी पुन्हा होती तशी लिहिली, खाली सही केली. पण वहीत दोन हिवाळ्यांचे एकोणचाळीस पिवळे धोबी आहेत. त्यातले खरे किती, हे मले आता सांगता येत नाही.

वही मी नेली. दुर्बीण मुद्दाम तुह्यासाठी खुंटीवर ठेवली आहे. मी काठावरच्या बाभळीखाली बसतो. आधी मी पक्षी सांगायचो अन् तू लिहायची. आज तू सांग. मी लिहितो.

बाबा