खंडेरावांचे तीन कंटेनर

११ जानेवारी २०२६, रविवार

भरला अर्ज! समुद्री कायदा आणि तंटे मिटवण्याचं प्रशिक्षण. युरोपातल्या एका बंदरावरच्या संस्थेत नऊ महिने. राहणं, खाणं, विमान सगळं त्यांचं. जगभरातून बारा जण घेणार. अकरा कोण ते मला माहीत नाही, बारावी मी!

ज्ञानेश चहा ढवळत म्हणाला, "वकीलबाई, नाशकात समुद्र कुठंय? गंगापूर धरणात जहाज सोडणार का?" नवरा आहे म्हणून सोडून दिलं. अरे, समुद्र नसला म्हणून काय झालं, आपला कांदा तर समुद्रावरूनच जातो!

१८ जानेवारी

निबंध पाठवला. विषय — तुमच्याकडे तंटे कसे मिटतात? वाचून हसूच आलं. हे मला विचारताय? अण्णा चोवीस वर्षं बाजार समितीत मापारी होते, माझं बालपण वांधे समितीच्या ओट्यावर गेलंय.

तेच लिहिलं. लिलावात भाव ठरतो, ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो, माल ओतला की खालून हलका कांदा निघतो — झाला वांधा! मग समितीची दोन माणसं येतात, कांदा हातात घेऊन बघतात, थोडं तुझं थोडं माझं करतात. दिवस मावळायच्या आत दोघंही चहा पिऊन घरी. कागद नाही, सही नाही. चारचौघांत दिलेला शब्द पुरतो.

शेवटी माझी चालू केस जोडली. देवळ्याचे खंडेराव आहेर, स्वतःचा कांदा बाहेर पाठवतात. गेल्या वर्षी तीन कंटेनर मलेशियाला पाठवले. जहाजावर कंटेनरची माल गार ठेवणारी मशिनं बंद पडली आणि ९ मार्चला तिकडे उतरला तो नुसता चिखल! जहाज कंपनीच्या एजंटाशी तेव्हापासून मीच बोलतेय. तोही म्हणतो, "कोर्ट कशाला मॅडम, बसून मिटवू." अण्णांचंच शास्त्र! मुंबईचे वकील आतापर्यंत दावा ठोकून मोकळे झाले असते. मी बसून मिटवणार.

१२ फेब्रुवारी

शेवटच्या तिसांत आले!!

५ मार्च

एजंटाचा फोन. "पाडवा झाला की नक्की बसू." खंडेराव समोरच बसले होते. त्यांनी विचारलं, "ताई, लय लांबतंय. चालंल ना?" म्हटलं, दाव्याला तीन वर्षं असतात, घाई कशाला? "मग काय, तुमी हाय तर टेन्शन नाय," असं म्हणून निर्धास्त गेले.

मुलाखत वीस तारखेला, ऑनलाइन. समुद्राच्या आंतरराष्ट्रीय करारातली तीनशे वीस कलमं दोनदा वाचून झाली. विचारा कुठूनही!

२० मार्च, शुक्रवार

मुलाखत अप्रतिम चालली होती. वांध्याची गोष्ट त्यांना फार आवडली, एक गृहस्थ तर लिहून घेत होते. मग कोपऱ्यातल्या बाईंनी विचारलं, "त्या कंटेनरचा दावा कधीपर्यंत लावता येतो?" मी ताठ मानेनं म्हटलं, तीन वर्षं. त्यांनी फक्त माल कधी उतरला ते विचारलं. मी तारीख सांगितली.

लॅपटॉप मिटला आणि पुस्तक उघडलं. समुद्रावरून गेलेल्या मालाला तीन वर्षं नाहीत. एक! दोन्ही बाजूंनी मिळून मुदत वाढवली तरच वाढते. आम्ही काही वाढवलं नव्हतं. एजंट नुसता पाडव्याचं बोलत होता. पाडवा काल झाला. मुदत नऊ तारखेला संपली.

अकरा दिवस.

सगळ्या कोर्टाला माहीत असलेली तीन वर्षं मी डोळे झाकून लावली. वर्षभर बोलत राहिले आणि त्या माणसानं मला बोलतं ठेवलं.

पण गप्प बसले नाही. अर्ध्या तासात मुलाखत घेणाऱ्यांना मेल केला — माझं उत्तर चुकलं, मुदत एक वर्षाची, ती माझ्या हातून गेली. घ्यायचं तर घ्या, नाही तर नका. पाठवल्यावर बरं वाटलं. मी अशीच आहे, चूक असेल तर तोंडावर कबूल!

२३ मार्च

खंडेरावांना उद्या सांगते.

२९ मार्च

त्यांचाच फोन. "एजंट फोनच उचलंना, ताई." म्हटलं, बघते. आता घाईघाईनं सांगून तरी काय होणार? मुदत काही परत येत नाही. निकाल लागू दे, मग देवळ्याला जाऊन नीट समोर बसून सांगेन. फोनवर सांगायची गोष्ट नाही ही.

७ एप्रिल, मंगळवार

निवड झाली!!! बारा जणांत मी! ज्ञानेशनं अख्ख्या सोसायटीला सांगितलं, धरणातल्या जहाजाचं नावही काढलं नाही. अण्णांचे डोळे भरून आले. मेल पाच वेळा वाचला. त्यात लिहिलंय — 'स्वतःची चूक इतक्या तातडीनं कबूल करणारा उमेदवार आम्हाला क्वचितच भेटतो.'

मी म्हटलंच होतं!

८ एप्रिल

खंडेराव देवळ्याहून शाल-नारळ घेऊन आले. ज्ञानेशनं कळवलं होतं. "तो मेल वाचा की, ताई. मराठीत." मी वाचायला लागले. चूक कबूल केल्याच्या वाक्याशी आले आणि थांबले. मग सगळं सांगितलं.

त्यांनी मग एवढंच विचारलं, "त्यांना कवा सांगितलं व्हतं?"

"त्याच दिवशी."

"माझी फाइल द्या," म्हणाले.

दिली.